बंदुकीला तेल कुठलं लावायचं, आपल्या कोल्हापूरच्या हवेत

तेलाची बाटली उघडायच्या आधी बंदूक रिकामी आहे का बघा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघा, बोट घालून बघा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढचं.

आपल्याकडं बंदूक झिजून कमी आणि गंजून जास्त खराब होते. गगनबावडा, राधानगरी साईडला पावसाळ्यात भिंतीला ओल सुटते, अन् शेती संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर बंदूक रेक्झिनच्या कव्हरात कोंबून फळीवर टाकलेली असते, त्या कव्हरात ओल धरते की नळीवर तांबूस ठिपके आलेच. म्हणून तेल निवडताना ते गंज किती अडवतं हे आधी बघायचं, गुळगुळीतपणा नंतर. सीएलपी म्हणून जे गन ऑइल मिळतं ते साफ करतं, वंगण देतं आणि गंजही रोखतं, एकच बाटली घ्यायची तर ती घ्या.

आता घरगुती जुगाड. खोबरेल अजिबात नको, थंडीच्या सकाळी ते बाटलीतच गोठतं मग बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्यात, काय करेल, आणि जुनं झालं की चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालतं पण लई पातळ, गंजाला फार दिवस थोपवत नाही. डब्ल्यूडी फॉर्टीचा स्प्रे पाणी हटवायला झकास, भिजलेल्या बंदुकीवर मारा, पुसा, आणि वरनं खरं तेल लावा, नुसत्या त्याच्यावर वर्ष काढू नका. उद्यमनगरातल्या कारखान्यांत मशिनिंग केलेल्या लोखंडी भागांवर रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल मारतात ते साठवणुकीला भारी, म्हणजे निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर बाहेरनं आणि नळीत त्याचा पातळ हात फिरवून द्या, पण परत आल्यावर वापरायच्या आधी सगळं पुसून काढायचं.

लावायचं कुठं? डबल बॅरलच्या बिजागरीच्या पिनेला आणि बोल्टच्या लग्जना, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांना, ग्रीस, तिथं दाब जास्त असतो, तेल टिकत नाही. बाकी सरकत्या भागांना एक-एक थेंब, डोळ्याला ओलं दिसलं म्हणजे जास्त झालं. फायरिंग पिन जवळजवळ कोरडीच ठेवा, तिथं तेल घट्ट झालं की ठोका हलका बसतो अन् काडतूस मिसफायर. चापाच्या मेकॅनिझममध्ये तेल ओतू नका. नळीतलं तेल फायर करायच्या आधी कोरड्या पॅचनं, म्हणजे कापडाच्या तुकड्यानं, काढा. आपला नेमबाज स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं ते पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीवर, त्या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर आधीच मेण किंवा ग्रीस असतं, त्यात जादा तेल पडलं की न जळलेली दारू चिकटून नुसता चिखल होतो.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू भरायच्या, बंदुकीला आधी गरम पाणी, काळ्या दारूची राख ओल ओढते, ती धुतल्याशिवाय वरनं कितीही तेल चोपडा, आतनं गंजणारच. पूर्ण वाळवून मग तेल. आणि तेल लावलेली कुठलीही बंदूक काही दिवस नळी खाली करून ठेवा, नाहीतर तेल उतरून लाकडी दस्त्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

एअर रायफलवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं. मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलच्या सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास दाबाची हवा असते, तिथल्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, फक्त सिलिकॉन ग्रीस, पेट्रोलियमचं तेल दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. स्प्रिंगवालीच्या कॉम्प्रेशन चेंबरलाही तेच लागू, आत साधं तेल गेलं की डिझेल इंजिनासारखा स्फोट होऊन सील जातं. पण सिलिकॉन लोखंडावर लोखंड घासतं तिथं कुचकामी, स्प्रिंगला मॉली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीसच लावा.