डब्लिनमध्ये डिशच्या छत्रीवर ब्रिटिश चॅनल पाहायचेत? या चुका टाळा

बीबीसी, आयटीव्ही आणि चॅनल फोर इथे आयर्लंडमध्येही छत्रीवर फुकट दिसतात. हे कळलं की आपली मंडळी शनिवारी छत्री आणतात आणि रविवारी मला फोन करतात.

पहिली चूक, छत्री आभाळाकडे वळवणं. पुण्यात फ्री डिशची छत्री ५९ अंश वर बघते, तेच डोक्यात असतं. इथे हवे असलेले ॲस्ट्रा २ उपग्रह २८.२ अंश पूर्वेला आहेत आणि डब्लिनहून क्षितिजाच्या जेमतेम २१ अंश वर दिसतात. त्यात ही ऑफसेट छत्री, पत्रा दिसतो त्यापेक्षा वीसेक अंश वर बघणारी. त्यामुळे बरोबर लावलेली छत्री भिंतीसारखी सरळ उभी दिसते. तिला तशीच राहू द्या.

दुसरी चूक मला जास्त छळते. नोव्हेंबरात नाशिकच्या एका मुलाचा फोन आला, "दादा, सिग्नल नव्वद टक्के आहे, पण सगळं जर्मनमध्ये!" त्याने १९.२ अंशांवरचा ॲस्ट्रा १ पकडला होता. सिग्नल मोजणारा स्वस्त मीटर कुठल्याही उपग्रहावर सारखाच वाजतो. शिवाय चित्र न बघताच त्याने नट इतके आवळले होते की कडा झिजल्या होत्या. भर पावसात ते सोडवण्यातच अर्धा तास गेला. मग छत्री पूर्वेला दहा अंश, खाली तीन अंश, आणि बीबीसी आलं. मी नट जेमतेम सैल ठेवतो, छत्री केसभर हलवतो, पाच आकडे मोजतो. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतोच. घाई करणारे नेमके योग्य जागेवरून पुढे निघून जातात. बीबीसीचं चित्र दिसल्याशिवाय मी पाना आवळत नाही.

भिंतीवर स्काय क्यू या सशुल्क टीव्ही सेवेची जुनी छत्री असेल तर तिचा वाइडबँड एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) साध्या बॉक्सला चालत नाही, युनिव्हर्सल प्रकारचा एलएनबी घ्या. जुना एसडी, म्हणजे फक्त साध्या दर्जाचं चित्र दाखवणारा बॉक्सही नको, बीबीसीचं एसडी प्रसारण उपग्रहावर जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं. आरटीई ही आयर्लंडची सरकारी वाहिनी या छत्रीवर फुकट येत नाही, त्यासाठी सोरव्ह्यू या इथल्या फुकट टीव्ही सेवेचा साधा ॲन्टेना लावा. आणि टीव्ही घरात आहे म्हणजे १६० युरोचा वार्षिक परवाना भरायचाच, चॅनल फुकट असले तरी.

झाडांचं मात्र हिवाळ्यातच बघा. डिसेंबरात लावलेली छत्री मे महिन्यात पानं फुटली की आंधळी होते. मी आग्नेयेकडे हात लांब करतो आणि क्षितिजावर एकावर एक दोन मुठी मोजतो, साधारण वीस अंश होतात. तिथे नुसती फांदी जरी आडवी आली, तरी जागा बदलतो.