वादळी वारा येण्याआधी शेतात काय काय आवरायचं

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात नुसता खडखडणारा पत्रा ८०च्या झोतात उडतो, तो म्हणूनच. हा झोत बहुतेक वेळा पावसाच्या आधी येतो. उकाड्यात अचानक गार वारा सुटला, समोर धुळीचा लोट उठला, की हातात मिनिटंच उरतात. म्हणून ही कामं इशारा मिळाल्या दिवशीच उरकावीत.

आधी गोठ्याचं छप्पर. पत्रा मधून नाही, कडेकडून उचलतो. तेव्हा कडा, कोपरे आणि आढ्याजवळचे हूक बघा. हूक हातानं फिरला तर नट आवळा, वॉशर कडक होऊन चिरला असेल तर बदला. भोक फाटून मोठं झालं असेल तर आवळून काही होत नाही. तिथं मोठा वॉशर घाला, नाहीतर शेजारी नवं भोक पाडा. भोक नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही. पत्र्यावर दगड ठेवायची सवय मात्र सोडा: पत्रा उचलला की तोच दगड जनावराच्या पाठीत बसतो.

पॉलिहाउसचे सगळे पडदे बंद करा. वाऱ्याकडचा एक पडदा जरी उघडा राहिला तरी वारा आत शिरून प्लास्टिक फुगवतो आणि सांगाडा उपटतो. शेडनेट काढता येत असेल तर गुंडाळून ठेवा.

घड लागलेली केळ ज्या बाजूला झुकते, त्या बाजूनं दोन बांबूंची कैची करून घडाखाली गळ्याशी लावा. बांबू जिथं टेकतो तिथं गोणपाट गुंडाळा. बारीक दोरी खोडात रुतून खोड कापते, रुंद पट्टीनं बांधा. ऊस, मका, केळीला वादळाच्या तोंडावर पाणी देऊ नका. ओल्या मातीत मुळांची पकड सुटते आणि उभं पीक आडवं होतं. फवारणी आणि युरियाही पुढं ढकला.

मोटरचा मेन स्विच ढग येण्याआधीच पाडा. कडकडाट सुरू झाल्यावर स्टार्टरला हात लावू नका. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे: पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. जनावरं झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधलेली नकोत.

वारा ओसरल्यावर तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती बंद आहे असं धरू नका. साचलेलं पाणी चर काढून वाहू द्या. तुरा येण्याआधीचा मका लोळला असेल तर बरेचदा काही दिवसांत आपोआप वर वळतो. हातानं उभा करायला गेलात तर ताट मोडतं. फळझाडाची चिरलेली फांदी करवतीनं साफ कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, आणि लोखंडी भांडं वापरू नका.