सेकंडहँड शिडाच्या होडीचे बारसे कसे करावे

नवी कोरी होडी बांधून घेणाऱ्याचे काम सोपे असते, कारण तिला अजून नावच नसते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र दुसऱ्याने दहा-पंधरा वर्षे चालवलेली फायबरची होडी येते आणि तिच्या पाठीवर आधीच्या मालकाने हौसेने ठेवलेले नाव असते. अशा होडीच्या बारशाची निम्मी मेहनत जुने नाव काढण्यात जाते, हे आधीच समजून घ्यावे.

पहिला प्रश्न नव्या नावाचा. संकटाचा संदेश देताना व्हीएचएफ रेडिओवर ‘मेडे’ तीनदा म्हणून लगेच होडीचे नावही तीनदा उच्चारावे लागते, त्यामुळे वाऱ्याच्या घोंगावण्यातही ऐकणाऱ्याला कळेल असे दोन-तीन अक्षरांचे नाव निवडावे. मांडवी नदीचेच दुसरे नाव असलेली गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे याचे उत्तम उदाहरण आहे. नाव ठरले तरी नोंदणीची कागदपत्रे, विम्याची पॉलिसी आणि रेडिओचा परवाना यांत ते बदलून हाती येईपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नये.

जुनी विनाइलची अक्षरे हेअर ड्रायरने गरम करून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोलावीत. लोखंडी पट्टीने जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत रंगीत थरावर, ओरखडे पडतात. अक्षरे निघाली तरी नाव जात नाही, कारण आजूबाजूचा जेलकोट उन्हाने फिका पडलेला असतो आणि झाकलेला भाग मूळ रंगाचा राहतो, त्यामुळे तिरप्या उन्हात जुने नाव पुन्हा वाचता येते. ही सावली रबिंग कंपाउंडने घासून, मग पॉलिश करूनच जाते. त्यानंतर लाइफबॉय (जीवरक्षक कडे), शिडाचे कव्हर, डिंगी (सोबतची छोटी होडी) आणि बादल्या यांवर जुने नाव राहिले नाही ना, ते तपासावे. माझ्या होडीचे बारसे थाटात पार पडल्यावर दुसऱ्याच दिवशी इंजिनाच्या किल्लीला लटकलेल्या बिल्ल्यावर जुने नाव सापडले आणि बरोबरच्या खलाशाने ते फारच मनावर घेतले.

समुद्रदेवाच्या वहीत प्रत्येक जहाजाचे नाव लिहिलेले असते आणि त्याला न सांगता ते बदलणे म्हणजे त्याची फसवणूक, अशी पाश्चात्त्य खलाशांची समजूत आहे. म्हणून ते धातूच्या चकतीवर पुसल्या जाणाऱ्या शाईने जुने नाव लिहून ती पाण्यात सोडतात. धातू समुद्रात टाकण्यापेक्षा पिंपळाच्या पानावर नाव लिहून सोडावे, असे माझे मत आहे.

पावसाळ्यासाठी वर काढलेली होडी मुंबईकडे साधारण ऑक्टोबरात पुन्हा पाण्यात जाते. त्या वेळी डोलकाठी उभी करायची असेल तर तिच्या बुडाखाली नाणे ठेवण्याचा रिवाज पाळता येतो. हा रिवाज फार जुना आहे: लंडनला ब्लॅकफ्रायर्स येथे १९६२ मध्ये सापडलेल्या रोमन जहाजाच्या डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचे नाणे होते. मात्र ते जहाज लाकडी होते आणि आपली डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. खाऱ्या पाण्यात दुसऱ्या धातूला चिकटलेले ॲल्युमिनियम झिजते, म्हणून नाणे इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) पूर्ण बुडवून मगच ठेवावे.

पूजा भरतीच्या वेळी, होडी धक्क्याला नीट बांधून करावी. नारळ होडीवर फोडू नये, कारण जेलकोटला तडा जातो. तो धक्क्याच्या दगडावर फोडून त्याचे पाणी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, ओतावे. हळदीकुंकू नाळेवरच्या स्टीलच्या पट्टीलाच लावावे. पांढऱ्या जेलकोटवरचा हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, त्याला उन्हाचीच वाट पाहावी लागते. हार सुती दोऱ्याचा असावा आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावा, नाहीतर दोरा पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला जातो. शॅम्पेनचा हट्ट असेल तर बाटली उघडून ओतावी. आतला सुमारे सहा वातावरणांचा दाब सोसण्यासाठी बनवलेली ती जाड काच लहान होडीवर आपटली तर आधी होडीच फुटण्याची शक्यता अधिक.

नाव कोणी घ्यावे? आपल्या नौदलाच्या जहाजांचे नाव बहुधा प्रमुख पाहुण्यांची पत्नी जाहीर करते आणि त्या वेळी अथर्ववेदातील मंत्र म्हटले जातात; घरच्या बारशात हा मान आत्याचा. माझ्या बहिणीने नाळेशी वाकून आधी ‘कुर्र’ केले, मग नाव घेतले, आणि त्यानंतरच पाठीवरच्या अक्षरांवरचे कापड काढले.

मग छोटी फेरी मारून यावी. धक्क्यापासून दूर गेल्यावर रेडिओवरचा संकटाच्या हाकांचा १६ क्रमांकाचा चॅनेल न अडवता, आधी ठरवलेल्या दुसऱ्या चॅनेलवर ओळखीच्या होडीला नव्या नावाने हाक द्यावी आणि त्यांना ते अक्षर-अक्षर परत म्हणायला सांगावे. त्यांनी ते बरोबर म्हटले की नव्या लॉगबुकात तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा यांसह पहिली नोंद करावी.