विहिरींचा थर सरकला होता, तो असा जागेवर आणला

सोलापूरच्या होटगी रोडकडच्या विहिरींचा थर (संगणकावरच्या नकाशातला विहिरींच्या खुणांचा पदर) उपग्रह-चित्रावर टाकला, तर सगळ्या शे-दीडशे मीटर आग्नेयेला. एक तर थेट डांबरी रस्त्यात! साहेब म्हणाले, "हातानं सरकव अन् देऊन टाक." नाही केलं. उद्या त्यावरून कुणी पाइपलाइन आखली तर?

मूळ टोपोशीट (सर्वेक्षणाचा छापील नकाशा) जुनी, 'एव्हरेस्ट' या पृथ्वीच्या जुन्या मापावरची. थराला मात्र डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसचं माप, चिकटवलेलं; म्हणून सगळं सरकलं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी 'सेट लेयर सीआरएस'ने थराचे आकडे मुळात कशातले ते, म्हणजे कल्याणपूर १९७५ हे एव्हरेस्टवरचं डेटम (मोजणीचा पाया), सांगितलं, मगच 'रीप्रोजेक्ट' करून, म्हणजे आकडे बदलून, यूटीएम झोन ४३ या मीटरमधल्या जाळीत आणलं. पूल, तिठा, पाराचा कोपरा इथं जीपीएस धरून ताळा घेतला. हातातल्या जीपीएसला पाचेक मीटरचा फरक चालायचाच. बुजलेल्या विहिरी पुसल्या नाहीत, शेऱ्यात 'जागेवर सापडली नाही' लिहिलं. मेटाडेटात (थरासोबतच्या माहितीत) शीटचं साल, डेटम आणि अचूकताही टाकली. साहेबांनी कुरकुरत सही केली.