चार टीबीची डिस्क, दिसतात दोनच

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी ४ टीबीची हार्ड डिस्क आणली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. "अरे, दुकानदाराने फसवलं! निम्मीच दिसतेय."

फसवलं नव्हतं. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबीच दिसते; कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यावरून भांडू नका. पण गाडी २०४८ जीबीवरच (म्हणजे दोन टीबीवर) अडली, तर बहुतेक दोष एमबीआरचा, म्हणजे डिस्कवर कुठला भाग कुठे आहे याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा. ही जुनी पद्धत सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ३२ बिटांत मोजते, सेक्टर ५१२ बाइटचा. त्यापुढे तिच्याकडे आकडेच नाहीत.

विंडोज आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. उरलेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' दिसेल. आधी डेटा दुसरीकडे हलवा (काकूंच्या नातवाच्या बारशाचे फोटो मी पेनड्राइव्हवर घेतले). मग त्या डिस्कवरचे सगळे व्हॉल्यूम (डिस्कचे भाग) डिलीट, डावीकडे डिस्कच्या नंबरावर राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' (जीपीटी म्हणजे एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत). नंबर दोनदा बघा. भलतीच पुसलीत तर माझ्याकडे रडत येऊ नका. शेवटी 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम'.

विंडोज ज्या डिस्कवर आहे, तिच्यावर हा प्रयोग नको.

जीपीटी करूनही दोनच? मग डिस्क ज्यात बसवलीय ती यूएसबीची जुनी केस (बाहेरचा डबा) बदलून बघा.