टीबी पेशंटच्या सिरमवर पेप्टाइड एलायझा लावताय? आधी हे वाचा

प्रोजेक्टला बसलेल्या ज्युनिअर पोरांसाठी लिहितोय, दरवर्षी त्याच चुका होतात. पेप्टाइड एलायझा म्हणजे जंतूच्या प्रोटीनचे छोटे तुकडे (पेप्टाइड) प्लेटच्या खळग्यांत, म्हणजे वेलमध्ये, चिकटवायचे आणि सिरममधली अँटिबॉडी त्यांना धरते का ते रंगावरून बघायचं.

पेप्टाइडची वायल फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडायची नाही. जूनपासून चवथीपर्यंत आपल्या गोव्यात हवा इतकी दमट की थंड पावडर पाणी ओढते, चिकट होते, मग वजन चुकतं आणि पुढचं सगळंच चुकतं. बंद वायल अर्धा तास टेबलावर राहू द्या, मग उघडा, विरघळवून छोटे अ‍ॅलिक्वॉट (एकेका वापराचे वाटे) करा आणि परत उणे २० ला.

कुठले पेप्टाइड घ्यायचे? टीबीच्या जंतूचं ईसॅट-६ हे प्रोटीन चांगलं, ९५ अमिनो आम्लांचं आहे, १५ चे तुकडे ५-५ ने सरकवत गेलात की १७ होतात, आणि बीसीजीच्या जंतूत तो जीनच नाही त्यामुळे लशीचा गोंधळ नको. पण एकाच प्रोटीनवर विसंबू नका, एका पेशंटची अँटिबॉडी ईसॅटला धरते तर दुसऱ्याची ३८ केडीए नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला. शिवाय जी अँटिबॉडी प्रोटीनची घडी ओळखते ती सरळ तुकड्यावर दिसणारच नाही.

छोटे पेप्टाइड साध्या प्लेटला नीट चिकटत नाहीत, धुताना जातात. बजेट असेल तर बायोटिनवाले मागवा, स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रोटीन) लावलेली प्लेट घ्या, आणि मग ब्लॉकिंगला, म्हणजे प्लेटची रिकामी जागा झाकायला, स्किम मिल्क अजिबात नको कारण दुधात बायोटिन असतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. पुढे सिरम १:१०० ने सुरू करा, मग अँटी-ह्युमन आयजीजी (माणसाच्या अँटिबॉडीला धरणारी, एन्झाइम लावलेली अँटिबॉडी), टीएमबी (रंग देणारं द्रव्य), आम्ल, ४५० नॅनोमीटरला रीडिंग, हे येतंच तुम्हाला.

खरं काम कंट्रोलचं. प्रत्येक सिरमला पेप्टाइड नसलेली एक वेल हवीच, काही सिरम नुसत्या प्लेटलाच चिकटतात. आणि निरोगी म्हणून फक्त होस्टेलच्या पोरांचं रक्त घेऊ नका, पेशंटच्या घरची माणसं घ्या, छातीच्या दुसऱ्या आजाराचे पेशंट घ्या. माझ्या पहिल्या प्लेटवर फरक इतका छान दिसला की रात्री झोप नाही आली, मग घरच्यांचे सिरम लावले आणि अर्धा फरक गेला, कारण जंतू अंगात झोपलेल्या माणसांतही या अँटिबॉडी सापडतात.

म्हणूनच ओडी (रंगाचं रीडिंग) वर आली तरी पेशंटला त्यावरून काही सांगायचं नाही. डब्ल्यूएचओने २०११ मध्ये टीबीच्या निदानासाठी अशा रक्ततपासण्या नकोत म्हणून सांगितलं, २०१२ मध्ये भारताने बंदीच घातली. कोणी काकुळतीने विचारलं तर सरळ सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला पाठवा, तिथे ट्रूनॅट होते, आपल्या गोव्याच्याच कंपनीची, ती जंतूचा डीएनएच शोधते.