गीझर खरंच २००० वॅटचा आहे का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या वायरमनला टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा. गीझर चालू असताना हा टेस्टर फक्त फेजच्या वायरभोवती अडकवायचा. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्या तर आकडा शून्यच येणार. समजा, व्होल्टेज २३० आणि करंट ८.७ अँपिअर निघाला. गुणाकार केला की पॉवर, साधारण २००० वॅट. व्होल्टेजला करंटने भागलं की कॉइलचा रोध (रेझिस्टन्स), २६.४ ओहम.

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं तर रोध जवळपास तोच राहतो, करंट ७.६ वर येतो आणि पॉवर १५०० वॅटच्या घरात. व्होल्टेज १३ टक्के कमी, पण पॉवर जवळजवळ पाव हिस्सा गायब! त्यामुळे पाणी उशिरा तापतंय म्हणून लगेच कॉइल बदलायला धावू नका. आधी भागाकार करा. उत्तर २६ च्या आसपास असेल तर कॉइल ठणठणीत आहे.

हा हिशेब गीझर, इस्त्री, कॉइलची शेगडी यांच्यापुरताच. पंप, मिक्सरला लावू नका; मोटारीत पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला खरा वॅटचा हिस्सा) मध्ये येतो आणि गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त दाखवतो. आणि हो, चालू लाईनवर व्होल्टेज मोजायचं काम वायरमनलाच करू द्या.